सफरचंदाची झोप

घरात बर्फ ठेवायला दोन मोठाली यंत्रं होती, आणि मामींना शिवणयंत्र ठेवायला धड कोपरा नव्हता. पुढच्या दारातून मागच्या दाराकडे जाणारा चार फुटी बोळ होता, त्यात भिंतीला चिकटून त्या बसत. कुणाला मागे जायचं असलं की त्यांनी स्टूल पुढे ओढायचं, पोट आत घ्यायचं आणि त्या माणसाला वाट द्यायची. तो माणूस दिवसातून चाळीस वेळा जायचा, कारण तो माणूस म्हणजे मामा होते आणि मागच्या अंगणात त्यांचं सफरचंदाचं झाड होतं.

मामांनी एकतीस वर्षं एका शीतगृहात काढली. डोंगरातून ट्रक भरभरून सफरचंदं यायची, ती थंड खोल्यांत रचायची, ना गोठू द्यायची ना सडू द्यायची, हे त्यांचं काम. त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. यंत्राच्या नुसत्या घरघरीवरून ते आतलं तापमान सांगायचे आणि अर्ध्या अंशानेसुद्धा चुकायचे नाहीत. गल्लीने त्यांना बर्फमामा नाव दिलं ते त्यामुळेच. त्याला कुणाची हरकत नव्हती. पण त्या हिशेबाने मामी आपोआप बर्फमामी झाल्या, याला मात्र मामींची सख्त हरकत होती. सबंध गल्लीच्या पँटी, पडदे, गणवेश आणि उशांचे अभ्रे त्यांनी शिवले, निम्म्या गल्लीच्या कमरेचा घेर त्यांना तोंडपाठ, आणि नाव मिळालं ते नवऱ्याच्या बर्फाचं!

मामा निवृत्त झाले त्या दिवशी एका ट्रकवाल्याने डोंगरातून हातभर उंचीचं कलम आणून दिलं होतं. "एवढी वर्षं दुसऱ्यांची सफरचंदं सांभाळलीत मामा, आता एक आपलं असू द्या," म्हणाला. म्हणाला आणि ट्रकमध्ये बसून निघून गेला. त्याचं काय जातंय! त्याला आजतागायत उचकी लागत असेल तर ती मामींमुळे.

कलम जगलं, वाढलं, मामांच्या डोक्यावरून गेलं. पानं तर अशी भरगच्च की आतली फांदी दिसू नये. पण फूल नाही. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, पाच नाही. मामांनी दुसऱ्याच वर्षी चौकशी केली होती, तेव्हा कळलं, की सफरचंदाला फुलण्याआधी झोपावं लागतं. हिवाळ्यात पानं टाकून ते झोपतं, ठरावीक तास थंडी खातं, आणि मगच जागं होऊन फुलतं. मामांच्या जातीच्या झाडाला असे आठशे तास लागत. आणि त्या गावातली थंडी म्हणजे उभ्या उभ्या डोकावून, पाणीही न पिता परत जाणारी. लोकरीचे कपडे कपाटातून निघत ते फक्त डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून. नर्सरीवाल्याच्या भिंतीवर रंगीत नकाशा होता. कुठे कडक हिवाळा, कुठे नरम, ते पट्ट्यांत रंगवलेलं. सफरचंदं येतात तो पट्टा गडद निळा. यांचं गाव फिकट पिवळ्यात.

त्या नर्सरीवाल्याने मामांना एक उपाय सांगितला होता, नऊ वर्षांपूर्वी. मामा तिथून लालबुंद होऊन घरी आले.

"काय म्हणाला?" मामींनी विचारलं होतं.

"कसाई आहे तो," मामा म्हणाले, आणि त्यानंतर त्या नर्सरीची पायरी चढले नाहीत. उपाय काय होता, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

थंडी नाही ना? मग आपण करू, असं मामांनी ठरवलं. माणसाला एक गोष्ट उत्तम येत असली की जगातल्या सगळ्या अडचणींवर त्याला तीच सुचते. बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातून त्यांनी दोन जुने डीप फ्रीझर आणले आणि अंगणात पत्र्याखाली मांडले. बर्फाच्या लाद्या बुंध्याभोवती, बुंध्याला ओली पोती, वर हिरवी जाळी, जाळीला बांबू, बांबूंना दोऱ्या. पोती वाळत घालायला मामींची कपड्यांची तार. फांदीला तापमापक लोंबत असे आणि खाली खुर्चीवर वही. सकाळी सहाला मामा वहीत तापमान लिहीत आणि आजवर किती तास थंडी झाली ते मोठ्याने सांगत.

"एकशे बारा!" बोळातून आवाज यायचा.

"माझ्या मनगटाचे एकशे बारा तुकडे झालेत," मामी इकडून म्हणायच्या. "त्याची वही कोण लिहितंय?"

मामींना एक खोली हवी होती. फार नाही, दहा बाय दहाची. उत्तरेला खिडकी म्हणजे दिवसभर सारखा उजेड, मध्ये कापड बेतायला मोठं टेबल, आणि दार असं की आत बसलं असताना कुणाला वाट द्यावी लागू नये. तीस वर्षं त्या जमिनीवर बसून, गुडघ्यांवर वाकून कापड बेतत आल्या होत्या. आता गुडघे बोलायला लागले होते. जागा होती ती एकच, मागचं अंगण. आणि अंगणात ते झाड.

शेवटी या हिवाळ्याच्या तोंडावर त्यांनी अट घातली. लेकीला फोन लावला आणि मधोमध ठेवला.

"जानेवारी संपेपर्यंत एक फूल दिसू दे. एक! दिसलं तर झाड राहील, खोलीचं नाव मी मरेपर्यंत काढणार नाही. नाही दिसलं तर एक तारखेला गवंडी येईल आणि झाड जाईल."

"कबूल," मामा म्हणाले. त्यांना आपल्या बर्फावर फार विश्वास.

"तुमच्या भांडणात मला मध्ये घेऊ नका गं आई," फोनमधून लेक म्हणाली.

"तू मध्ये नाहीस. तू साक्षीदार आहेस. फोन ठेव आता."

डिसेंबरात त्याच लेकीचं नव्या घरात सामान हलायचं होतं. सुतार, रंगारी, नळवाले यांच्यावर नजर ठेवायला घरात कुणीतरी मोठं हवं म्हणून तिने मामांना दोन आठवडे बोलावून घेतलं. निघताना मामांनी मामींच्या हातात एक कागद दिला. त्यात नऊ कलमं होती. रोज पाणी घालणे. दर तिसऱ्या दिवशी बर्फ. पोती सुकू न देणे. वहीत नोंद. मामींनी चौथ्या कलमापर्यंत वाचलं, कागदाची घडी केली आणि शिवणयंत्राच्या डुगडुगत्या पायाखाली सारली. यंत्र पहिल्यांदाच स्थिर उभं राहिलं, त्यामुळे तो कागद अगदीच वाया गेला असं म्हणता येणार नाही.

त्याच आठवड्यात त्यांच्याकडे शाळेच्या रंगमंचाचा पडदा होता. मोतिया रंगाचं साटीन, बावीस फूट लांब. गल्लीबाहेरचं एवढं मोठं काम पहिल्यांदाच आलं होतं, आणि मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या होत्या की हा छान झाला तर सबंध शाळेच्या खिडक्या तुम्हालाच. बावीस फूट कापड बोळात पसरणार कुठे? मामींनी अंगण झाडून काढलं, ताडपत्री घातली, तिच्यावर पडदा अंथरला आणि खालची दुमड हाताने घालायला बसल्या. बोटात पितळी अंगुस्तान होतं, सुई टोचू नये म्हणून घालायचं. त्यांच्या आईचं. घासून घासून पातळ झालेलं, पण दुसरं कुठलंही त्यांच्या बोटाला मानवत नसे.

दुपारी बरोबर तीनला फ्रीझरच्या मागे काहीतरी खट् झालं. मग घुर्र झालं. आणि झाडावर बांधलेल्या नळीतून थंडगार पाण्याचा फवारा उडाला. जुन्या फ्रीझरच्या तळाचं पाणी ते, गंजाने तांबडं. बावीस फुटांपैकी अठरा फुटांवर ते पडलं.

मामी ओरडत धावल्या, तर बटण कुठे ते सापडेना. पंप बंद झाला तो आपला आपण, दहा मिनिटांनी. आठवं कलम त्यांनी नंतर यंत्राच्या पायाखालून काढून वाचलं. 'दुपारी तीनला फवारा आपोआप सुरू होईल. हात लावू नये.'

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग झाडाकडे पाहिलं. झाड मस्त न्हाऊन निथळत उभं होतं, हिरवंगार, कुणाच्या बापाची भीती नसल्यासारखं. आणि मामींच्या डोक्यात तिडीक गेली. अकरा वर्षं! अकरा वर्षं या मेल्याने एक फूल दिलं नाही, आणि याच्यासाठी माझी तार, माझं अंगण, माझी पाठ, आणि आता माझा पडदा!

मामींनी झाडाचा जीव घ्यायचा ठरवला. उगीच शब्द कशाला फिरवायचे, ठरवलंच. कुऱ्हाड चालवायचं बळ नव्हतं आणि अटीची तारीखही लांब होती, पण पानं तर हाताने निघतात. पानं गेली की झाड जाईल, एवढं वनस्पतिशास्त्र त्यांच्यापाशी होतं. त्यांनी स्टूल आणलं आणि खालच्या फांदीपासून सुरुवात केली. आधी एकेक, मग मूठ मूठ. चुकलेली शिवण उसवावी तशा त्या फांदीच्या एका टोकाला धरत आणि दुसऱ्या टोकापर्यंत ओढत जात. दोनतीन डहाळ्या मोडल्या. "मोडा!" त्या म्हणाल्या. जाळी काढली, पोती फेकली, फवाऱ्याचा प्लग काढून बाजूला टाकला. दिवेलागणीच्या आधी झाडावर औषधाला पान राहिलं नाही. सगळा पाला दोन पोत्यांत कोंबून त्यांनी कचऱ्याच्या गाडीसाठी दारात ठेवला आणि हात धुतले. हातांचा हिरवा काळपटपणा काही केल्या जाईना.

त्यानंतर अकरा दिवस त्यांनी झाडाला थेंबभर पाणी घातलं नाही.

पण राग हा पाहुणा. तो गेला की घर आवरावं आपल्यालाच लागतं. तिसऱ्या दिवसापासून मामींना मागच्या दारी जावंसं वाटेना. झाड उघडंबोडकं उभं होतं आणि त्याच्या फांदीला तेवढा तापमापक लोंबत होता. मामांना काय सांगायचं? कीड पडली म्हणावं? वारा सुटला होता म्हणावं? त्यातच अंगुस्तान हरवलं. डबे उपसले, गाद्या झटकल्या, कुठे मिळेना. नवं साटीन पदरचं आणून दुसरा पडदा त्यांनी उघड्या बोटाने शिवला. दुकानातलं नवं अंगुस्तान घेतलं होतं, पण ते कधी घट्ट व्हायचं, कधी निसटायचं. बोटाची चाळण झाली. मोतिया साटीनवर रक्ताचा ठिपका पडू नये म्हणून त्या दर चार टाक्यांनी बोट चोखत होत्या आणि पडदा खराब करणाऱ्याला, म्हणजे त्याच त्या माणसाला, शिव्या घालत होत्या.

मामा परत आले ते सरळ बॅगेसकट मागे गेले. मामी पोट आत घेऊन उभ्या होत्या. तोंडात वाक्य तयार होतं. 'कीड पडली हो, मी तरी काय करणार.' मागे बॅग धपकन टाकल्याचा आवाज आला. मग मामा ओरडले.

"झोपलं!"

मामींचं वाक्य तोंडातच राहिलं.

"अगं, झोपलं! पानं टाकली! सगळी! अकरा वर्षांत पहिल्यांदा!" मामा बोळातून धावत आले, मामींच्या स्टुलाला अडखळले, पुढच्या दारात गेले आणि शेजारच्या औषधदुकानदाराला हाका मारू लागले. "या, या! थंडी लागू पडली!"

औषधदुकानदार आला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन आले. मामांनी त्यांना झाडाभोवती फिरवून बर्फाचं शास्त्र समजावलं. पोस्टमन आदराने म्हणाले, "चिकाटी लागते हो." मामींनी चौघांचा चहा केला. खरं सांगायची हीच वेळ होती. पण इतका आनंदलेला माणूस त्यांनी लेकीच्या जन्मानंतर पाहिला नव्हता, आणि चारचौघांत त्याचं तोंड पाडायला जीभ रेटेना. चहात साखर घालायची त्या विसरल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही.

खोटं न बोलता गप्प बसणं फार महागात पडतं, हे त्यांना पुढच्या आठवड्यात कळलं. बर्फाने काम केलं म्हटल्यावर बर्फ वाढवायला नको? मामांनी तिसरा फ्रीझर आणला. अंगणात जागा नव्हती म्हणून तो बोळाच्या तोंडाशी आला, मामींच्या डाव्या कोपराला लागून. कापड सरकवताना कोपर त्यावर आपटायचं. त्याची घरघर अशी, की शिवणयंत्राचा दोरा तुटला तरी ऐकू येऊ नये.

"अहो, हे इथे नको!"

"फक्त जानेवारीपुरता गं. झोप मोडता कामा नये त्याची."

"त्याची झोप! माझी झोप कुणी विचारलीय कधी?"

"तुला कुठे फुलायचंय?" मामा म्हणाले. सहज म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं, आणि हेच मामींना जास्त लागलं. दोन दिवस त्यांनी नुसत्या हुंकारावर संसार चालवला.

जानेवारीचे चारपाच दिवस उरले होते. सकाळी मामी कपडे वाळत घालायला मागे गेल्या. मामा दूध आणायला गेले होते. एक उशीचा अभ्रा झटकताना त्यांची नजर झाडावर गेली. उघड्या फांदीच्या टोकाला काहीतरी फुगलं होतं. त्या जवळ गेल्या. हिरवट लव, आणि तिच्या आत पाच गुलाबी टोकं दाटीवाटीने बसलेली. शेजारच्या फांदीवर तसंच. वर आणखी. मामींनी अभ्रा खांद्यावर टाकला आणि मोजलं. सात झुबके.

पहिला विचार काय आला, ते लपवण्यात अर्थ नाही. सातच आहेत, एका मिनिटात खुडून होतील. मामांना यायला पंधरा मिनिटं. एक तारखेला गवंडी येईल, खोली होईल, उत्तरेला खिडकी होईल, कुणाला कळणार नाही. त्यांचा हात झुबक्यापर्यंत गेलासुद्धा. बोटांना ती लव लागली, लहान मुलाच्या कानामागे असते तशी.

हात तसाच थांबला. अकरा वर्षं हे झाड काही करत नाही म्हणून त्यांचा राग. आता त्याने केलं, तर त्याला मारायचं कोणत्या तोंडाने? आणि ज्या हाताने एकदा जीव घ्यायला पाहिलं त्याच हाताने पुन्हा? छे. मामींनी स्वतःलाच एक शिवी दिली आणि अभ्रा वाळत घातला.

मामा दूध घेऊन आले तेव्हा त्या दारातच म्हणाल्या, "जा मागे. उठलंय तुमचं."

मामा गेले. बराच वेळ आले नाहीत. मामींनी डोकावून पाहिलं, तर ते खुर्चीवर वही मांडीत घेऊन बसले होते आणि लिहीत काहीच नव्हते. नुसते बघत होते. मामींना वाटलं, ओरडतील, शेजाऱ्यांना बोलावतील. तसं काही झालं नाही. संध्याकाळी मात्र त्यांना कंठ फुटला.

"एकट्या सफरचंदाला फळ धरत नाही. दुसऱ्या जातीचं झाड शेजारी लागतं, जोडीला. मी कलम सांगून ठेवलंय."

मामींच्या हातातली कात्री थांबली. "आणि त्याची थंडी?"

"त्याला चौथा फ्रीझर लागेल," मामा म्हणाले. "गवंड्याला फोन करून नको म्हणून सांग. अट म्हणजे अट."

मामींनी फोन केला. गवंड्याला नको म्हणून सांगितलं. आता गवंडी ही जात अशी, की या म्हटलं त्या दिवशी दिसणार नाही, आणि येऊ नको म्हटलं की सकाळी आठला दारात. एक तारखेला तो दोरी, ओळंबा आणि मोजपट्टी घेऊन हजर झाला.

"अहो, तुम्हाला फोन केला होता ना?"

"केलात, पण मी निघालो होतो," गवंडी म्हणाला. चार दिवस आधी कसा निघाला होता, ते त्यालाच ठाऊक. "आलोय तर माप घेऊन ठेवतो. कधीतरी लागेल."

तो बोळातून मागे गेला, तिसऱ्या फ्रीझरला गुडघा आपटून घेतला, आणि अंगणात दोरी धरून इकडून तिकडे फिरला. झाडावर तोवर चाळीसएक फुलं उमलली होती, पांढरी, कडेला गुलाबी. गवंड्याने फुलांकडे पाहिलं नाही. त्याने जमिनीकडे पाहिलं.

"झाड कशाला तोडायचं होतं?" तो म्हणाला.

"म्हणजे?" मामींनी विचारलं.

"झाड तर कोपऱ्यात आहे. त्याला लागतं किती? हातभर. जागा अडवलीय ती या धुडांनी." त्याने फ्रीझर, पत्रा, बांबू आणि बर्फाची पिंपं यांच्यावरून मोजपट्टी फिरवली. "हे काढा. दहा बाय अकरा बसते आरामात. शिवाय खिडकीतून झाड दिसेल."

अंगणात शांतता पसरली. म्हणजे फ्रीझरांची घरघर सोडून.

मामी मामांकडे बघत होत्या. अकरा वर्षं त्या झाडावर चिडल्या होत्या, आणि जागा खाल्ली होती ती बर्फाने. मामांनी पोत्याची सुरकुती सारखी केली.

"ते काढता येणार नाही," मामा म्हणाले. "थंडी त्याच्यामुळेच—"

"नाही," मामी म्हणाल्या.

"काय नाही?"

"थंडीने काही झालेलं नाही." मामींना आता थांबणं शक्य नव्हतं. "पानं त्याने टाकली नाहीत. मी ओरबाडली. तुमच्या फवाऱ्याने पडदा नासला त्या दिवशी. एकूण एक पान काढलं, पाणी तोडलं, बर्फाचा तुकडा घातला नाही. आणि त्याला झोपवायला नाही, अहो. मारायला. मेलं पाहिजे म्हणून केलं मी. झालं? आता काय म्हणायचं ते म्हणा."

गवंडी एकाएकी आपल्या दोरीची गाठ सोडवण्यात गर्क झाला.

मामांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, चष्म्याचं घर बाहेर काढलं, त्यामागून रुमाल काढला आणि रुमालातून एक पितळी वस्तू काढून पुढे धरली. अंगुस्तान.

"बुंध्याशी पडलं होतं," ते म्हणाले. "आलो त्याच संध्याकाळी सापडलं. बर्फ घालायला वाकलो तेव्हा."

मामींना सगळ्यात आधी सुचलं ते तोंडून गेलं. "महिनाभर माझी बोटं रक्ताळली, आणि तुम्ही हे खिशात घेऊन फिरताय?"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं!"

"आपणहून गळलेल्या पानाची खूण साफ असते. या झाडाची साल निघाली होती. तीन डहाळ्या मोडल्या होत्या. सफरचंद झोपताना डहाळ्या मोडत नाही गं." मामा खुर्चीवर बसले. "नर्सरीवाल्याने नऊ वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं. पानं ओरबाडा, पाणी तोडा, उपाशी ठेवा. आपल्याकडच्या नरम हिवाळ्यात त्याला झोपवायचा एवढा एकच मार्ग. मी म्हटलं, जिवंत झाडाला असं करायचं? माझ्याच्याने झालं नसतं. मी आपला जीव लावत राहिलो आणि ते जागंच राहिलं."

"मग तो तिसरा फ्रीझर कशाला आणलात? माझ्या कोपराशी?"

मामांनी फांदीला लोंबणारा तापमापक सरळ केला.

"एकतीस वर्षं मी थंडीच केली. दुसरं काही येत नाही मला. म्हटलं, थोडं तरी माझ्या बर्फाने झालं असेल. थोडं तरी. मग फुलं आली आणि ते सोडवेचना. बर्फाशिवाय फुललं म्हटल्यावर मी मग इथे बसून करायचं काय?"

मामींना फार राग आला. इतका, की डोळ्यांत पाणी आलं. या माणसाला एक धड वाक्य बोलायला अकरा वर्षं आणि तीन फ्रीझर लागले होते. त्यांनी मामांच्या हातून अंगुस्तान हिसकावून घेतलं आणि बोटात घातलं. ते बसलं, जसं नेहमी बसायचं.

"करायचं काय म्हणे! गवंड्यावर नजर कोण ठेवणार? मी? मला शाळेच्या सव्वीस खिडक्या शिवायच्यात. आणि खिडकी उत्तरेला पाहिजे. इंचभर इकडेतिकडे झाली तर तुम्ही आहात आणि मी आहे."

मामा उठले. पत्र्याखाली गेले आणि एकेक करून दोन्ही प्लग काढले. मग बोळाच्या तोंडाशी येऊन तिसरा काढला. घरघर थांबली तेव्हा गवंड्याने चमकून वर पाहिलं. इतक्या वर्षांत त्या अंगणात एवढं शांत कधी झालंच नव्हतं. मामा प्लग हातात घेऊन उभे होते, आता कुठे ठेवावा ते न कळल्यासारखे. मामींनी तो घेतला आणि खिळ्याला अडकवला.

"उत्तरेची खिडकी," गवंडी घसा साफ करून म्हणाला आणि दोरी बांधायला लागला.

मामा झाडाजवळ गेले. मोडलेल्या डहाळीवर त्यांनी अंगठा फिरवला.

"पुढच्या डिसेंबरात पानं तू काढायचीस," ते पाठमोरेच म्हणाले. "माझ्याच्याने होणार नाही."

"माझ्याच्याने तरी कुठे होतंय! ते काही थंड डोक्याने जमत नाही. त्याला राग यावा लागतो."

"त्याची काळजी तू करू नकोस," मामा म्हणाले. "तेवढा मी आणीन."